आक्कांनी उतरवलेल्या वह्या

बिरादार सरांचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधत होतो. "शनिवारी निवृत्त होतोय. नंतर स्मरणिका काढतायत. इंग्रजीत चौघांनी लिहिलंय. मराठीत एक लेख पाहिजे, तो तू लिही. दोन दिवस आधी ये." सरांचं बोलणं असंच, तार आल्यासारखं.

सर कोण, ते आधी सांगतो. हैदराबादच्या पश्चिम अंगाला, काचेच्या इमारती संपतात तिथं एक मोठी बिझनेस स्कूल आहे, तिचे ते डीन. विषय फायनान्स. त्यांचे वडील आमच्याच गावचे. निजामाच्या राजवटीत कारकून म्हणून हैदराबादला गेले ते तिकडचेच झाले. सर मात्र दर उन्हाळ्यात गावच्या देवीला येतात आणि आमच्या तालुक्याच्या कॉलेजात एक व्याख्यान देऊन जातात. मी तिथं वाणिज्य शिकवतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. विद्यार्थी म्हणून चढलेला, असं म्हणायला पाहिजे, कारण वडील गवंडी होते आणि त्या पायऱ्या त्यांनीच बांधल्यात. ओळख करून देताना हे मी सांगतोच, कुणी विचारो न विचारो.

गुरुवार, नारायणगुडा

गाडी पहाटे काचिगुड्याला पोचली. सरांनी आठ वाजता नारायणगुड्याच्या एका टिफिन सेंटरसमोर भेटायला सांगितलं होतं. तिकडं नाश्त्यालाच टिफिन म्हणतात. वाटेत एक मोठा पूल लागला. मागं आलो तेव्हा तो नव्हता, म्हणून ऑटोवाल्याला विचारलं. "परसोंच बना साब," तो म्हणाला. नंतर सरांकडून कळलं, पूल होऊन कैक वर्षं झालीत. हैदराबादेत होऊन गेलेलं सगळं परसों होतं, मग ते परवाचं असो की आजोबांच्या वेळचं.

टिफिन सेंटरात मी पेसरट्टू-उपमा मागवला. पेसरट्टू म्हणजे अख्ख्या मुगाचं धिरडं. ताटलीत नुसतं धिरडंच आलं. मी वाढप्याला बोलावून चार शब्द सुनावले, की पैसे दोन्हीचे घेतलेत, उपमा कुठंय? तो शांतपणे म्हणाला, "लोपल उंदि सार," आणि माझ्याच चमच्यानं धिरड्याचं पोट उघडून दाखवलं. उपमा आत होता. शेजारी उभ्या असलेल्या दोन बायका हसल्या. मी एम.कॉम. आहे हे त्यांना सांगून काही उपयोग नव्हता.

तेवढ्यात सर आले. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला साधं पेन. गाडी त्यांनी लांब सोडून दिली होती. "चालत बोलू," म्हणाले.

मग दोन तास आम्ही चालत होतो आणि सर आपलं आयुष्य सांगत होते, दुसऱ्याचं सांगावं तसं. ही शाळा, इथं तेलुगू मुलांत मी एकटा मराठी. घर नल्लकुंट्याला, तिथून पायी यायचो. पुढं विद्यानगरला लागून असलेल्या जुन्या विद्यापीठात एम.कॉम. केलं, मग पीएच.डी.ला नाव घातलं. विषय असा, की एखाद्या कंपनीची बातमी आली म्हणजे तिच्या शेअरचा भाव किती लवकर हलतो.

"आता बटण दाबलं की वीस वर्षांचे भाव येतात," सर म्हणाले. "तेव्हा जुनी वर्तमानपत्रं काढून रोजचे भाव हातानं उतरवायला लागायचे. मी सकाळी एका खाजगी कॉलेजात शिकवायचो, संध्याकाळी शिकवण्या. उतरवणार कोण? आक्कानं उतरवलं."

आक्का म्हणजे सरांची थोरली बहीण. सातवीत शाळा सुटली, कारण घरात एकाचीच फी भरता येत होती. तीन वर्षांचे भाव तिनं अठरा वह्यांत उतरवले. त्या वह्यांवरून सरांनी दाखवलं, की इथले भाव बातमी कळली तरी झोपेतून उठल्यासारखे सावकाश हलतात. तो लेख परदेशात छापला गेला. त्यावरून अमेरिकेत बोलावणं आलं, तिथं दहा वर्षं शिकवलं, मग इथली संस्था निघाली आणि बोलावून घेतलं, मग डीन. "सगळ्याची मुळी त्या वह्यांत आहे," सर म्हणाले. "शनिवारी त्या मी आक्काच्या हातून संस्थेच्या ग्रंथालयाला देणार आहे. काचेच्या पेटीत ठेवणार आहेत."

आक्का जिथं बसून भाव उतरवायच्या ते वाचनालयही त्यांनी दाखवलं. आता तिथं स्पर्धा परीक्षेची मुलं बसतात. "त्या कोपऱ्यात तिचं टेबल होतं," सर जरा मोठ्यानं म्हणाले. चाळीस मुलांनी एकदम वर बघितलं, तसे आम्ही बाहेर आलो.

गुरुवारची दुपार, संस्थेत

माझी उतरायची सोय संस्थेच्या अतिथिगृहात होती. खोलीत गेलो तर दिवा लागेना, पंखा फिरेना. खिडकीवर जाड पडदे. भरदुपारी मी अर्धा तास अंधारात घामाघूम बसलो, वीज येईल म्हणून. आमच्याकडं येते. शेवटी झाडायला आलेल्या बाईनं माझ्या हातातलं किल्लीचं कार्ड घेऊन दाराजवळच्या खाचेत घातलं आणि खोली लखलखली. तुमच्यापैकी कुणी गेलात तर लक्षात ठेवा.

चहाला सौम्या भेटली. ही सरांची शेवटची पीएच.डी.ची विद्यार्थिनी, वरंगलकडची, वडील बस कंडक्टर. तिच्याही घरात कॉलेजात गेलेली ती पहिली, त्यामुळं आमचं लगेच जमलं. ती हिंदीत बोलत होती, मी माझ्या हिंदीत.

"सर वर्गात पहिला प्रश्न कोणता विचारतात माहीत आहे?" ती म्हणाली. "हा आकडा कुठून आला? तुम्ही कितीही मोठं गणित मांडा. आधी ते सांगा. नाही सांगता आलं तर बसा खाली."

"आणि कुणी आकडा बनवूनच सांगितला तर?"

तिनं आवाज खाली आणला. माझ्या आधी एक मुलगा होता, म्हणाली. हुशार. त्याच्या तक्त्यात काही रकाने रिकामे होते, ते त्यानं आजूबाजूचे आकडे बघून भरून टाकले. सरांच्या लक्षात आलं. त्याच दिवशी त्याला काढून टाकलं. संचालकांनी मध्यस्थी केली, मुलाचे वडील येऊन पाया पडले, सर हलले नाहीत. आता तो दिलसुखनगरला शिकवणी घेतो.

"बरोबरच केलं," मी म्हणालो.

"हो," सौम्या म्हणाली आणि बिस्किट चहात बुडवून धरलं, ते मऊ पडून तुटेपर्यंत.

संध्याकाळी सरांनी माझ्यावर काम सोपवलं. "आक्का शनिवारी यायला तयार नाही. मला दाद देत नाही. तू गावाकडचा, तुझं ऐकेल. उद्या जाऊन तिला राजी कर."

शुक्रवार, नल्लकुंटा

नल्लकुंट्याच्या गल्ल्या अरुंद, पण दारोदार सडा आणि रांगोळी. आपल्याकडं रांगोळी सणाला, तिथं रोज. बिरादारांचं जुनं घर पाडून तिथं चार मजले उठलेत. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत आक्का एकट्या राहतात. यजमान गेले, मुलगी बंगळूरला. बहात्तर वर्षांच्या बाई, जाड भिंगांचा चष्मा, मांडीवर अंबाडीची जुडी.

"ये की रे मास्तर. गवंड्याचा ना तू? पायऱ्यांचा?"

मी न सांगता कुणी हे सांगितल्याचा तो पहिलाच प्रसंग.

अंबाडीला तिकडं गोंगुरा म्हणतात. आपण कण्या घालून शिजवतो, वर लसणाची फोडणी. तिकडं तेलात परतून, वाटून, लोणच्यासारखी भातावर घेतात. आक्कांनी दोन्ही केलं होतं, शिवाय भाकरी. "माझ्या घरात दोन्ही चालतं. दिगूला भात लागतो, मला भाकरीबिगर जेवण वाटत नाही." दिगू म्हणजे सर. दिगंबर.

जेवण झाल्यावर मी विषय काढला. "उद्या नऊला गाडी येईल आक्का. वह्या घेऊन चलायचं."

"मी येत नाही. तीनदा सांगितलंय त्याला."

"का पण?"

"गुडघे दुखतात."

"तिथं चाकांची खुर्ची आहे."

"मग गुडघे दुखत नाहीत. तरीबी येत नाही."

मला वाटलं, बाई लाजतेय. सातवी शिकलेली, एवढ्या प्रोफेसरांत कशी जाऊ म्हणून. मग मी बोललो. शिक्षणावर बोलायला मला आवडतं. म्हणालो, आक्का, डिगरी नाही म्हणून कमीपणा मानू नका, माझ्या वडलांना सही येत नव्हती पण कॉलेज त्यांच्या हातचं आहे, तसंच हे. बराच वेळ बोललो. आक्का रेडिओ ऐकावा तशा ऐकत उरलेल्या अंबाडीचे देठ खुडत होत्या.

"झालं?" त्यांनी विचारलं. उठल्या, पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली आणि एक वही काढून माझ्यापुढं उघडली.

मी वही जवळ ओढून आकडे पाहिले. छापल्यासारखे. डावीकडं कंपन्यांची नावं, वर तारखा, एक खाडाखोड नाही.

"हे बघ. मंगळवार. आणि हे बुधवार."

मी बघितलं. दोन्ही रकाने सारखे होते. वरपासून खालपर्यंत, पैशापैशानं सारखे.

"बुधवारी बाजार हललाच नाही?"

"बुधवारचं पान नव्हतं. तिथं चौकोनी भोक होतं. भावाच्या पाठीमागं सिनेमाच्या जाहिराती यायच्या रे. पोरं ब्लेडनं हिरोचा फोटो कापून न्यायची. फोटो गेला की मागचे भावबी गेले."

"मग?"

"मग काय. कालचेच लिहिले."

मला जे कळलं ते तुम्हालाही कळावं म्हणून सांगतो. कालचा भाव आज पुन्हा लिहिला की आज भाव हललाच नाही असं दिसणार. आणि सरांचा सगळा शोध, ज्यावर ते अमेरिकेला गेले, डीन झाले, तो इथले भाव सावकाश हलतात हाच.

"असे किती दिवस?" असं मला तेव्हा विचारायला सुचलं नाही. मी विचारलं, "पण का?"

"पहिल्या खेपेला मी जागा रिकामीच सोडली होती. तर दिगू उन्हातानात सायकलवर सिकंदराबादपर्यंत गेला, दुसऱ्या वाचनालयात तो पेपर हुडकायला. तिथंबी नव्हता. येऊन तापानं पडला. आई मला बोलली, तुझ्यामुळं पोरगं मरंल. तवापासून मी रिकामं सोडलं नाही. वाटलं, एका दिवसानं त्या शेअरला काय धाड भरते."

"सरांना माहीत नाही?"

"नक्को." तिकडं नाही म्हणायलाही नक्कोच वापरतात. "एकदा सांगणार होते. मनाशी पक्कं केलं होतं. तर त्याच दिवशी तो जेवायला आला आन् इथं बसून त्या पोराचं सांगितलं. रिकाम्या जागा भरल्या म्हणून काढून टाकलं त्याला. मी भात वाढत होते. वाढतच राहिले. तो म्हणाला, आक्का, बास की."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "आता त्या वह्या काचेत ठेवणार. मला शाल घालणार, माणसं टाळ्या वाजवणार. मी ते घेऊ कसं? आन् सांगितलं तर त्याचं काय राहील? तू शिकलेला. सांग, सांगू का नक्को?"

मी काय म्हणालो ते लिहायला नको वाटतंय, पण लिहितो. मी म्हणालो, "आता कशाला आक्का. इतकी वर्षं गेली. गुडघ्याचंच सांगा."

आक्का हसल्या. मोठ्यानं हसल्या. "हे सांगायला एवढं शिकलास व्हय रे?"

आणि त्यांनी फोन लावला. "दिगू, ये. आत्ता ये. बरी आहे मी, ये."

सर चारला आले. आक्कांनी त्यांना पाणी दिलं, वही पुढं ठेवली आणि मला सांगितलं होतं तेच, त्याच क्रमानं सांगितलं. सिनेमाचं, सायकलचं, भाताचं. सर उभेच होते. सगळं ऐकल्यावर खाली सतरंजीवर बसले.

"त्याच वेळी का नाही सांगितलंस?"

"तू दारात आलास की पहिलं विचारायचास, आज किती पानं झाली. काय राहिलं, ते कधी विचारलंस?"

सरांनी वही पुढं ओढली. वहीचं पान उलटत, परत मागं येत, पुन्हा उलटत. मग म्हणाले, "पेन्सिल आहे?"

मला तिथं बसवेना. दूध आणतो म्हणून बाहेर पडलो आणि लांबच्या दुकानात गेलो. परत आलो तेव्हा अठराच्या अठरा वह्या जमिनीवर पसरल्या होत्या. आक्का डोळे मिटून सांगत होत्या, "दिवाळीच्या मागचा सोमवार. नाही, थांब, त्या सोमवारी सुट्टी. मंगळवार." सर त्या पानावर पेन्सिलीनं बारीक खूण करत होते. दोघांचे चष्मे नाकावर घसरलेले. मी दूध स्वयंपाकघरात ठेवलं आणि उंबऱ्यावर बसून राहिलो.

सहाला सर उठले. आक्का म्हणाल्या, "भात टाकते." ते म्हणाले, "नको आज." चपला घालताना त्यांचा हात भिंतीवर होता.

मी गाडीपर्यंत गेलो. "सर, शोध टिकेल ना?"

"माहीत नाही. ते दिवस काढून सगळं गणित पुन्हा करावं लागेल."

"उद्या बोलणार का?"

ते गाडीत बसले. काच खाली घेऊन एवढंच विचारलं, "त्या पोराचा नंबर सौम्याकडं असेल का रे?"

शनिवार, सभागृह

नऊची गाडी घेऊन गेलो तर आक्का सातपासूनच नेसून दारात खुर्ची टाकून बसलेल्या. पेटी पायाशी. मी राजी करण्याचा प्रश्नच उरला नव्हता. वाटेत एकदाच बोलल्या. "काल तो जेवला असेल का?"

सभागृहात थंडी होती, एवढी की आक्कांनी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. आपल्याकडं सत्काराला नारळ देतात, तिथं कुंडीतलं रोप देतात. बाकी भाषणं इथून तिथून सारखीच. संचालकांनी सरांची कारकीर्द वाचून दाखवली. कुठं शिकले, कुठं शिकवलं, किती विद्यार्थी, किती मानसन्मान. वाचायला एवढा वेळ लागला की मागचा एकजण झोपला. पहिल्या लेखाचं नाव आलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आक्का पहिल्या रांगेत, पेटीवर दोन्ही हात ठेवून बसलेल्या. त्यांनी वाजवल्या नाहीत. मीही नाही.

सर बोलायला उभे राहिले. लिहून आणलेला कागद त्यांनी खिशातच ठेवला. इंग्रजीत बोलले, पण वाक्यं छोटी होती, मला सगळी कळली.

"या वह्यांतले काही दिवस खरे नाहीत. त्या दिवसांचे भाव मिळाले नव्हते, म्हणून आदल्या दिवसाचे लिहिले गेले. माझ्या पहिल्या लेखात ते खरे म्हणून वापरलेत. तपासणं माझं काम होतं, मी तपासलं नाही. हे मला काल कळलं. माझ्या बहिणीनं सांगितलं. लेख छापणाऱ्यांना मी सकाळी पत्र पाठवलंय. गणित पुन्हा करीन, काय निघेल ते छापीन. अशाच कारणावरून एका विद्यार्थ्याला मी इथून घालवलं होतं. त्याला मी सांगायला हवं होतं, की दाखव, कुठले रकाने, आणि पुन्हा कर. ते मी केलं नाही. काल त्याला फोन केला. त्यानं उचलला नाही. आज पुन्हा करीन."

एवढं बोलून सर थांबले. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणाला कळेना. संचालक रोपाच्या कुंडीकडं बघत होते. माझ्या मागं कुणीतरी शेजाऱ्याला म्हणालं, "निरोपाच्या दिवशी हे कशाला?"

तेव्हा उजव्या बाजूनं सौम्याचा हात वर गेला. वर्गात करतात तसा, सरळ.

"सर, किती दिवस?"

सर उत्तर द्यायला पुढं झाले आणि थांबले. मग आक्कांकडं हात करून म्हणाले, "त्यांना विचार. काम त्यांचं आहे."

सौम्या वळली आणि तिनं तेलुगूत तेच विचारलं, "अम्मा, एन्नि रोजुलु?" माईक आला. आक्कांनी तो आधी फोनसारखा कानाला लावला, मग कुणीतरी हातानं तोंडापुढं नेला. त्या उभ्या राहिल्या. गुडघ्यांमुळं जरा वेळ लागला. सगळं सभागृह वाट बघत होतं आणि आक्का चष्मा सारखा करून सौम्याकडंच बघत होत्या.

"अकरा," त्या तेलुगूत म्हणाल्या. "आणखी एका दिवसाची मला शंका आहे. तू बारा धर."

सौम्यानं वहीत बारा लिहून घेतलं.